जिलेटिन नाही, बाकी सगळं आहे

आमच्या घरात बाहेरून आलेली खाण्याची कोणतीही वस्तू आधी माझ्या हातात येते. मी चष्मा कपाळावर सरकवतो, पाकीट डोळ्यांपाशी धरतो आणि मागचा बारीक मजकूर वाचतो. बायको शाकाहारी आहे आणि शारजातल्या दुकानांत जगभरचा माल येतो, म्हणून जनावरांच्या हाडांपासून केलेलं जिलेटिन शोधायचं. दह्यात, केकमध्ये, खोकल्याच्या गोळ्यांत, कुठेही ते दडलेलं असतं. इतक्या वर्षांत ते माझ्या नजरेतून एकदाही सुटलेलं नाही. हे मी पूर्वी चारचौघांत अभिमानाने सांगायचो. हल्ली सांगत नाही.

बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, अमेरिकेतून एकटाच पुण्याला निघाला होता. वाटेत दोन दिवस तो आमच्याकडे शारजातल्या रोल्लाला उतरला. साडूंमध्ये एक न बोललेली क्रमवारी असते. डॉलरवाला वर, दिरहमवाला त्याच्या खाली. आणि तिसरा, जो पुण्याबाहेर कधी गेलाच नाही, तो स्वतःच्या घरात दुपारी पंखा लावून झोपतो. आमच्या वरच्या साडूने आल्या आल्या बॅग उघडून डायनिंग टेबल भरून टाकलं. चॉकलेटं, बदाम, आमच्या मुलीसाठी फळांच्या चवीच्या, जेलीसारख्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि त्यांच्याच शेजारी एक नारिंगी बरणी.

शनिवारी दुपारी श्रीखंड-पुरी झाली. साडू फोनवर बोलत बाल्कनीत गेला. बायको म्हणाली, "अहो, त्या नारिंगी गोळ्यांत जिलेटिन आहे का बघा. नसेल तर पोरीला देते."

मी बघितलं. व्हीगन. ग्लूटेन नाही. कृत्रिम रंग नाही. जिलेटिनऐवजी फळांतलं पेक्टिन. वर हिरव्या पानाचं चित्र. 'हेम्प' हा शब्दही वाचला, पण अमेरिकन माणूस ओट्सचंसुद्धा दूध काढतो, म्हणून पुढे गेलो. त्याच्या खालची अक्षरं आणखी बारीक होती. तोपर्यंत जिलेटिन नाही हे ठरलं होतं, म्हणजे माझ्या लेखी तपासणी संपली होती.

"चालेल," मी म्हणालो. "पण थांब, आधी मी खाऊन बघतो."

एक खाल्ली. चव संत्र्याची होती, मागून थोडी कडू. दुसरी खात्री करण्यासाठी खाल्ली.

साडू बाल्कनीतून आत आला, त्याने माझ्या हातातली उघडी बरणी पाहिली आणि कानाला लावलेला फोन खाली घेतला.

"किती खाल्ल्यात?"

"दोन. छान आहेत."

"दोन? मी अर्धी घेतो!"

"अर्धी? एवढे कंजूष कधीपासून झालात?"

त्याने बरणी माझ्या हातातून काढून घेतली आणि मुलगी आत गेल्याची खात्री करून सांगितलं की ती झोपेची गोळी आहे. तशी झोपेची नाही. म्हणजे त्यात टीएचसी आहे. म्हणजे भांगेत असतं ते.

बायको टेबल पुसत होती. ती थांबली. "भावजी, तुम्ही माझ्या टेबलावर भांग ठेवलीत?"

"ताई, भांग नाही हो. हेम्पपासूनचं आहे, म्हणजे त्याच झाडाची सौम्य जात. टोटली लीगल. आमच्याकडे पेट्रोल पंपावर मिळतं. टीएचसी पॉइंट थ्री परसेंटच्या आत असलं की झालं."

आता मी पडलो अकाउंटंट, कोणी माझ्यासमोर टक्केवारी टाकली की मला राहवत नाही. "कशाच्या पॉइंट थ्री?"

"वजनाच्या."

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि एक गोळी ठेवली. पाच ग्रॅम. पाच ग्रॅमचे शून्य पूर्णांक तीन टक्के म्हणजे पंधरा मिलिग्रॅम. बरणीवर एका गोळीत दहा लिहिलं होतं. म्हणजे टक्क्यांत बघितलं तर नगण्य आणि मिलिग्रॅममध्ये बघितलं तर माणूस आडवा. कायद्याने टक्का धरला होता, आणि गोळी करणाऱ्याने वजन वाढवलं होतं.

"म्हणजे साडूभाऊ, गोळी जितकी मोठी तितकी ती कायदेशीर," मी म्हणालो. "पन्नास ग्रॅमचा लाडू केला तर दीडशे मिलिग्रॅम घालूनही तुम्ही सज्जनच."

"म्हणूनच तिकडेही आता नियम बदलतायत," तो पुटपुटला. "आणि प्रत्येक स्टेटचं वेगळं."

"आणि इथलं?" बायकोने विचारलं.

"इथेही काहीतरी टक्का असेलच ना?"

मी फोनवर शोधलं. मी वकील नाही, पण सरकारी मजकूर वाचायची सवय आहे. प्रवाशाने खायच्या पदार्थात इतकं चालेल, अशी ओळ मला कुठे सापडली नाही. पहिल्याच वेळी विमानतळावर असा खाऊ सापडला तर तो जप्त करून नष्ट करतात, असं वाचलं. म्हणजे थोडी दया आहे. पण ती दया विमानतळाच्या आत आहे. आमची बरणी ते ओलांडून रोल्लाला आली होती, आणि तिच्यातल्या दोन गोळ्या माझ्यातही आल्या होत्या. अंगात सापडलं तरी ते इथे गुन्ह्यात धरतात. कुठे खाल्लं हे सांगून उपयोग नाही. आणि मी तर घरीच खाल्लं होतं.

यानंतरची माहिती मला बायकोकडून मिळालेली आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी तासाभराने फ्रिजसमोर खुर्ची घेऊन बसलो आणि मुलीला व्हॅट म्हणजे काय ते समजावू लागलो. मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, "बाबा, आय डिडन्ट आस्क." मी म्हणालो, कोणीच विचारत नाही, तीच तर शोकांतिका आहे, आणि रडलो. मग काट्यावर स्वतःचा अंगठा ठेवून त्याचं वजन घेतलं. मुलीला बायकोने सांगितलं की बाबांना सर्दीच्या औषधाने गुंगी आली आहे. साडू माझ्याशेजारी पाण्याचा ग्लास घेऊन बसून होता. अमेरिकेला गेल्यापासून त्याने कोणाची इतकी सेवा केली नसेल.

रविवारी सकाळी मी शुद्धीवर आलो आणि सोमवार आठवला.

माझं ऑफिस दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये आहे, पण आमचा प्लास्टिकच्या दाण्यांचा कारखाना शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये. दर महिन्याला मी तिथे साठा मोजायला जातो, आणि या वेळची मोजणी सोमवारी होती. गेटवर कॉम्प्युटर आत येणाऱ्यांतून कोणाचंही नाव काढतो आणि त्याला लघवीच्या तपासणीला पाठवतात. फोर्कलिफ्टवाला असो की अकाउंट्सवाला. माझं नाव यापूर्वी दोनदा निघालं होतं आणि दोन्ही वेळा मी बाटली काठोकाठ भरून दिली होती, कारण आत सापडण्यासारखं काही नव्हतं. आता होतं. सापडलं की नोकरी जाणार. नोकरीबरोबर व्हिसा, व्हिसाबरोबर घर आणि मुलीची शाळा. आणि हे सगळं जायच्या आधी बहुधा मीच आत जाणार.

"किती दिवस राहतं हो अंगात?" मी साडूला विचारलं.

"डिपेंड्स. तीन ते तीस दिवस."

"तीन ते तीस? हा आकडा आहे की राशिभविष्य?"

बायकोचं लक्ष बरणीवर होतं. साडूचं पुण्याचं विमान संध्याकाळी होतं आणि त्याने बरणी मोज्यांत गुंडाळून बॅगेत ठेवली होती.

"ती काढा बाहेर, भावजी."

"ताई, मी तर ट्रान्झिटमध्ये—"

"काढा. तुम्ही दुबईत धरले गेलात तर माझ्या बहिणीला फोन कोण करणार? हे? यांना अजून कालचा शनिवार नीट आठवत नाही."

तो बरणी हातात धरून बसला. मग खाली बघत म्हणाला, "याच्याशिवाय मला झोप येत नाही, ताई. नोकरी गेलीय माझी. घरी अजून कोणाला सांगितलं नाही. पुण्यात काही बघता येतं का म्हणून चाललोय."

बायको त्याच्याजवळ बसली. मी उठून चहा टाकला. मला साखर किती लागते हे विचारायची वेळ याआधी त्याच्यावर कधी आली नव्हती. या वेळी त्याने विचारलं आणि माझ्या कपात त्यानेच घातली.

चहा झाल्यावर तिने दुधाच्या जुन्या पातेल्यात पाणी उकळवलं आणि सगळ्या गोळ्या त्यात ओतल्या. त्याआधी संडासात टाकून बघितल्या होत्या, पण पहिल्या तीन तळाशी जाऊन चिकटून बसल्या आणि कितीही पाणी सोडलं तरी हलेनात. मग मला हातमोजे घालून त्या काढाव्या लागल्या होत्या. पातेल्यात मात्र त्यांचा सरबतासारखा पातळ रस झाला. तो ओतून दिला. पातेलंही टाकलं. साडू संध्याकाळी हलक्या बॅगेने गेला.

राहिला सोमवार. बायको म्हणाली, "पोट बिघडलंय सांगा." पण मी साहेबांशी खोटं बोलत नाही. साहेब लेबनानी आहेत, माझ्यावर त्यांचा फार विश्वास. मी फोन करून सांगितलं, "सर, खाण्यात चुकीचं काहीतरी आलं." यातला शब्दन् शब्द खरा होता.

"अरे हबीबी! आराम कर. मोजणी बुधवारी ठेवू."

"सर, बुधवारीही जरा—"

"मग पुढच्या आठवड्यात. तुझ्याशिवाय मोजणी मी कोणाला करू देणार नाही. तूच म्हणतोस ना, दुसऱ्या कोणाला जमणार नाही?"

म्हणालो होतो. दरवर्षी पगारवाढीच्या वेळी म्हणतो. माझ्या हाताखाली केरळची एक अकाउंटंट आहे. हुशार, बोलायला फटकळ. मोजणीला मी येऊ का, असं ती दोन वर्षं विचारत होती आणि मी दोन वर्षं तिला अजून वेळ आहे म्हणून सांगत होतो. पण ते तीस दिवस काढायचे तर दुसरा रस्ता नव्हता.

"सर, तिला पाठवा. तिला माझ्याइतकंच जमतं."

साहेबांनी विचारलं, "इतकंच?"

"हो."

"मग इतकी वर्षं तू मला काय सांगत होतास?"

मी म्हणालो, "इन्शाल्ला, ती व्यवस्थित करेल."

तिने केली. मला लागायचा दीड दिवस, तिने दुपारच्या जेवणाआधी संपवली. गोण्यांवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या आणि प्रत्येक रांगेचा फोटो पाठवला. पुढच्या महिन्यात मी साहेबांना म्हणालो की आता मी जाऊ शकतो. ते म्हणाले, "कशाला? खलास. ते तिचं झालं."

म्हणजे ज्या गेटची मला भीती होती, तिथे मी पुन्हा गेलोच नाही. नोकरी आहे, व्हिसा आहे, मुलगी त्याच शाळेत जाते. महिनाअखेरीला हमरियाहून त्या अकाउंटंटचा आकडा माझ्या टेबलावर येतो आणि मी तो पुस्तकात चढवतो. पहिल्या वेळी मी तो तीनदा पडताळून पाहिला, फोटोंतल्या गोण्या पेन्सिल लावून मोजल्या. बरोबर होता. मी तिला फोन करून छान म्हणालो. ती म्हणाली, "आय नो, सर."