घाटातली दहा मिनिटं
परवा मेकॅनिकनं मुलाच्या गाडीचा एअर फिल्टर काढून झटकला आणि त्या धुळीच्या वासानं मला बुलढाण्याचा घाट आठवला. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, मी मलकापूरकडच्या एका खेड्यात नर्स होते. बाळंतपणात अडलेल्या एका बाईला सरकारी जीपमध्ये घालून आम्ही बुलढाण्याच्या दवाखान्यात निघालो होतो. कापसाच्या बैलगाड्यांनी उडवलेल्या फुफाट्यातून आलेली जीप घाटात काळा धूर सोडत रेंगाळू लागली, तशी ड्रायव्हरनं ती बाजूला घेतली. "धा मिनिटं द्या, बाई. गाडीले श्वास घेता येऊन नाही राह्यला," तो म्हणाला. मी चिडले. "इथे माणूस मरतंय आणि तुम्हाला गाडीची पडलीय!" त्यानं बॉनेट उचललं. एअर फिल्टरचं भांडं उघडलं, तर आतल्या धूळ धरणाऱ्या तेलाचा चिखल झालेला, जाळीत कापूस अडकलेला. त्यानं भांडं पुसलं, जाळी पेट्रोलनं धुतली, नवं तेल ओतलं. मी त्या बाईची नाडी धरून बसले होते. मग मात्र जीप एका दमात घाट चढली. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी बाहेर येऊन ड्रायव्हरला सांगितलं. तो हलकेच म्हणाला, "बरं झालं, बाई. माही बायको याच घाटात गेली. टरक चढावर बंद पडला होता, अन् दुरुस्त करणारं कोणी नव्हतं." "चहा घ्या," एवढंच मी म्हणाले. आज ऐंशी ओलांडल्यावरही वाटतं, त्यातली माफी त्याला ऐकू गेली असेल का?