धरलेली जागा

निराधारांचं अनुदान बंद झालं की त्याची अपिलं माझ्यापुढं चालतात. त्यात परंड्याकडच्या एक आजी यायच्या. आल्या की शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायच्या, एसटीत जागा धरावी तशी. पहिल्याच तारखेला मी साहेबी थाटात म्हणालो, "पिशवी खाली ठेवा आजी, माणसांना बसू द्या."

"माणसासाठीच धरलीय, सायेब. ल्योक येतो म्हणलाय."

ल्योक पुण्याला गेला तो वर्षानुवर्षं फिरकला नव्हता. पण कमावता मुलगा आहे, म्हणून अनुदान बंद. तो सांभाळत नाही, एवढंच आजींनी म्हणायचं होतं. निकाल देणारा मीच, आणि त्यांना पढवणाराही मीच. "म्हणा आजी, मुलगा बघत नाही."

"तसं कसं म्हणू? उद्या त्याच्या कानावर गेलं म्हंजी?"

शिपाई तोंड फिरवून हसला. मी पुढची तारीख दिली. दर सुनावणीला हेच.

अखेर गावातून पंचनामा मागवून मी आजींच्या बाजूनं निकाल दिला. वाचून दाखवताना मुलगा सांभाळत नसल्याचं वाक्य हळूच गाळलं.

"सुरू झालं आजी तुमचं अनुदान."

"आन् त्याचं नाव न्हाय आलं व्हय त्यात?"

"आलंय की." मी गाळलेल्या वाक्यातलं नाव तेवढं वाचलं.

आजींनी पदर सारखा केला. "अजून एकदा वाचा, सायेब."

वाचलं. आजी पिशवी घेऊन गेल्या. पुढचे गृहस्थ त्या खुर्चीवर टेकणार, तोच माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथं नको, ती जागा धरलेली आहे."