सेटल जावई

काय सांगायचं तुम्हाला! माणसाला इंग्रजी येत नसेल तर तो चार जणांना विचारतो. ज्याला चांगलं येतं त्याचा प्रश्नच नाही. पण ज्याला अर्धवट येतं ना, तो माझ्यासारखा गावभर पेढे वाटून मोकळा होतो. तुम्ही चहा प्या, गार होईल. मी उभ्यानेच सांगतो, मला एका जागी बसवत नाही.

हेच तर माझं दुखणं. पायाला भिंगरी! आधी बियाण्यांच्या दुकानात होतो, मग ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, मध्येच रोपवाटिका काढून बुडवली आणि आता ठिबक सिंचनाच्या कंपनीत विक्रीला आहे. लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थाने माझ्या सासऱ्यांना छातीठोक सांगितलं होतं, "मुलगा सेटल आहे." झालं! तेव्हापासून सासरे त्या एका शब्दाला धरून बसलेत. ते देवळाली प्रवऱ्याचे, बागायतदार. दिवाळी असो, बारसं असो, कुणाचा दहावा असो, मला कोपऱ्यात घेऊन विचारणार, "जावईबापू, सेटल कवा व्हनार तुमी?"

आता काय उत्तर द्यायचं?

अशात राहुरीत एका नव्या वसाहतीतलं कोपऱ्यावरचं घर आमच्या मनीषाला आवडलं. बायकोला घर आवडणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. बाजूला एका लिंबोणीपुरती मोकळी जागा होती. तिने चपलेच्या टोकाने तिथे गोल काढला आणि म्हणाली, "लिंबोणी इथे." मी मान डोलावली. बिल्डर म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक मागे लागलंय, कर्जाचं लवकर बघा."

लवकर बघा! मला हे सांगायचं असतं का? मी रस्त्यातूनच बँकेला फोन लावला. कर्ज विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "आधी तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढा आणि नीट वाचून या." क्रेडिट रिपोर्ट म्हणजे आजवर घेतलेली कर्जं आपण कशी फेडली त्याची पत्रिका. बसस्टँडसमोरच्या टपरीवर मी ती मोबाईलवर काढली. वर आकडा होता, नऊशेपैकी सहाशे चाळीस. मी मनातल्या मनात हिशोब केला. एकाहत्तर टक्के! अहो, दहावीत मला एवढे नव्हते!

आणि खाली, माझ्या एका जुन्या क्रेडिट कार्डाच्या पुढे, ठळक लाल अक्षरात एकच शब्द.

सेटल्ड.

त्या कार्डाची गोष्ट मी पूर्वी मोठ्या ऐटीत सांगायचो. दंडावरून माझं कार्डाच्या कंपनीशी वाजलं होतं. वसुलीवाला पोरगा फोन करून करून दमला, शेवटी म्हणाला, "निम्मे भरा, मिटवून टाकू." आठवडी बाजारात मेथीची जुडी पाडून घ्यावी तसं मी ते प्रकरण निम्म्यात मिटवलं होतं. आणि आता एवढ्या मोठ्या रिपोर्टमध्ये त्याची दखल! मी सेटल आहे! इंग्रजीत! खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

तिथल्या तिथे सासऱ्यांना फोन.

"मामा, कागद आला! मी सेटल आहे!"

"कोन म्हनतंय?"

"कॉम्प्युटर म्हणतोय!"

"सरकारी कागद हाय का?"

"जवळजवळ सरकारीच."

पलीकडून सासऱ्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं हो म्हाताऱ्याचं!

मनीषा म्हणाली, "अहो, एकदा कुणाला तरी दाखवा. हा शब्द असा लाल रंगात का असेल?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," मी म्हणालो. "शुभ कार्याला लालच लागतो."

रंगीत प्रिंट काढली. लॅमिनेशन केलं. एक प्रत टेम्पोवाल्याच्या हाती देवळालीला पाठवली. पुढचं मला नंतर कळलं. सासऱ्यांनी ती प्रत देवापुढे ठेवली, मग चौकात नेली, मग सगळ्या भावकीला पेढे वाटले. वाचता कुणालाच आलं नाही, पण प्रत्येकाने हात लावून पाहिली म्हणे.

आणि कर्जाच्या दिवशी इस्त्रीची टोपी घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन स्वारी थेट बँकेत हजर! "तुमी सेटल झाले, ते मला माज्या डोळ्यानं बघायचं हाय."

मॅडमनी कागद हातात घेतला. उलटसुलट केला.

"लॅमिनेशन कशाला केलंत?"

"जपून ठेवायला," मी म्हणालो.

"नीट वाचलात ना?"

"पाठ आहे!"

सासऱ्यांनी पेढा पुढे केला. "घ्या बाई. आमचे जावई सेटल झाले."

मॅडमनी पेढा घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आजोबा, तीच तर अडचण आहे. हे सेटल्ड आहेत म्हणूनच कर्ज बसत नाही."

सासऱ्यांचा हात पेढ्यासकट हवेतच राहिला. "आँ? सेटल मानसाला घर द्येत न्हाई, मंग काय उनाड मानसाला द्येता व्हय?"

मॅडम चांगल्या होत्या बिचाऱ्या. समजावून सांगितलं. सेटल्ड म्हणजे याने पूर्ण पैसे भरले नाहीत. कंपनीने वैतागून मिळाले तेवढे घेतले आणि उरलेल्यांवर पाणी सोडलं. पुढे कोणीही कर्ज देताना हाच शेरा आधी बघतं. आणि सहाशे चाळीस हे काही परीक्षेचे मार्क नव्हेत, त्यांच्या बँकेच्या हिशोबाने मी नापास होतो. "इथे क्लोज्ड लिहिलेलं हवं," त्या म्हणाल्या. "म्हणजे खातं बंद. पूर्ण फेडून बंद."

सासरे माझ्याकडे वळले. "म्हंजी निम्मंच दिलं हुतं तुमी?"

"मामा, तेव्हा आपसात मिटवलं होतं ते..."

"आमच्याकडं त्येला बुडवलं म्हनत्यात."

अख्खी बँक ऐकत होती. मला पाय हलवायचीही सोय उरली नाही. जन्मात पहिल्यांदा मी एका जागी गप्प बसलो असेन! मनीषाही आमच्याबरोबर आली होती. बाहेर रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "लिंबोणी गेली." तिने चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. फार वाईट वाटलं मला.

मग काय! ज्या कंपनीला मी निम्म्यात मिटवलं होतं, तिच्याच मागे लागलो, "बाबांनो, उरलेले घ्या!" घेतले त्यांनी, व्याजासकट घेतले. देणं फिटल्याचा दाखला मिळाला. पण रिपोर्ट काही बदलेना. रोज उठून मी मोबाईल बघायचो. दूध उतू जायचं, गिऱ्हाईक ताटकळायचं, मी आपला बघतोय. तेवढ्यात कोपऱ्यावरचं घर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने घेतलंसुद्धा.

शेवटी एकदाचा तो शब्द उमटला. क्लोज्ड! मग आकडाही हळूहळू वर सरकला आणि कर्ज बसलं. घर मिळालं, पण आतल्या गल्लीतलं, दोन्हीकडून भिंतींत दाबलेलं. लिंबोणी आता रंगाच्या रिकाम्या डब्यात आहे. मनीषा रोज तिला पाणी घालते आणि घालताना एकदा माझ्याकडे बघते.

वास्तुशांतीला देवळालीची सगळी भावकी आली, तेव्हा पेढे खाल्लेली तीच मंडळी. पंगतीत एकाने सासऱ्यांना छेडलंच, "काय तात्या, जावई सेटल हायेत म्हनत हुता ना? मंग घराला येवढा उशीर का झाला?"

सासरे ताठ बसले. साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आरं, सेटल हुते त्येच तर बिघडलं हुतं! लई निस्तरावं लागलं. आता मातर काळजी न्हाई. आता आमचे जावई पार बंद हायेत!"

तेव्हापासून देवळालीत पाऊल टाकलं की मेव्हणे पारावरूनच ओरडतात, "काय दाजी, झाले का चालू?"