फिल्डमन बाई

जालन्याचं बियाणं लांबलांब जातं म्हणून साहेब लोक छाती फुगवून सांगतात. फुगवू द्या. पण ते बियाणं होतं कशानं, तर बायांच्या नखानं. दुपारी कपाशीची उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले पिवळे केसर सोलून काढायचे, मधली काडी तेवढी ठेवायची आणि खुणेला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल आणून त्या काडीवर फिरवायचं. याला म्हणायचं क्रॉसिंग. केसराचा एवढासा कण जरी राहिला तरी बियाण्यात भेसळ. बाया दोन-अडीच महिने वाकून हे करतात, आणि ते बराबर झालं का, हे बघायला मोटारसायकलवरून येतो तो फिल्डमन. बाया शंभर आणि फिल्डमन सगळे गडी. असं का, कुणी विचारायचंच नाही.

घनसावंगीकडच्या एका गावातल्या कौसल्यानं विचारलं. वीस वर्षं क्रॉसिंग केलेली बाई, बारावी झालेली. बियाणं कंपनीचे एरिया ऑफिसर आदिनाथ साहेब प्लॉटवर, म्हणजे बियाण्याच्या शेतात, आले तेव्हा तिनं सरळ तोंडावर विचारलं, "साहेब, हे काम आमी करतो, चूक आमाला कळती, मंग तपासायला हे पोरं कशाला?"

साहेब हसले. "अहो कौसल्याबाई, गाडी कोण चालवणार? दिवसाला अकरा प्लॉट असतात."

बस, एवढंच अडलं होतं म्हणायचं! तिचा नवरा देवानंद जालन्याच्या सळईच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी येणारा. त्याच्याकडून तिनं जुनी स्कूटी आणवली. दोनदा गुडघे फोडून घेतले, एकदा उसाच्या फडात घुसली, पण शिकली. पुढच्या हंगामात साहेबांना काही कारणच उरलं नाही. घेतली तिला. घेताना मात्र साहेब म्हणाले, "पुढचं सगळं तुमच्यावर आहे बघा. तुम्ही नीट निघालात तर अजून दोघी घेऊ. नाही निघालात तर वरचे लोक मला बाईचं नाव पण काढू देणार नाहीत."

म्हणजे बघा, गड्याकडून चूक झाली तर ती त्या गड्याची. हिची झाली तर जिल्ह्यातल्या समद्या बायांची. हे ओझं घेऊन ती रोज स्कूटीला किक मारायची.

कुणाला कुठले प्लॉट द्यायचे, कुठं माणसं कमी पडली, हे ऑफिसात ठरत नाही हे तिला महिन्याभरानं कळलं. शनिवारी संध्याकाळी साहेब आणि सगळे फिल्डमन शहागडला हायवेवरच्या धाब्यावर जमायचे आणि तिथं ठरायचं. तिला सोमवारी नुसतं कळवायचे. "तुम्हाला तिथं बरं वाटणार नाही," आदिनाथ साहेब म्हणाले. तिला बरं वाटणारच नव्हतं, ते खरंच होतं. तरी पुढच्या शनिवारी ती गेली. टेबलाच्या कडेला वही उघडून बसली, एक चहा मागवला. गप्पा जागच्या जागी थांबल्या. कुणी मोबाईल काढला, कुणी ट्रक मोजायला लागलं. तिचे कान गरम झाले होते, पण उठली नाही. दुसऱ्या शनिवारी गेली, तिसऱ्याही. चौथ्या शनिवारी कुणीतरी वैतागून म्हणालं, "मीटिंग ऑफिसातच घ्या साहेब, सकाळी अकराला. ह्या बाईपुढं घास उतरत न्हाई."

जिंकली की ती! पण जिंकल्याचं सांगणार कुणाला? घरी येऊन भाकरी थापताना तिला एकदम रडू आलं, आणि कशाचं आलं तेही सांगता येईना.

गड्यांनी जवळ केलं नाही याचं तिला फारसं वाईट वाटत नव्हतं. बायांचं वाटत होतं. केशरबाईचं तर फारच.

केशरबाई म्हणजे भावकीतली काकी. कौसल्या अठराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा कळी कशी धरायची हे तिनंच दाखवलं होतं, मागून हात धरून. पहिल्या बाळंतपणात न्हाऊ घातलं ते तिनंच. आता कौसल्या प्लॉटवर आली की शेतमालक काकासाहेब बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकायचे. दुपारी बाया लिंबाखाली गोल करून भाकरी सोडायच्या. कौसल्या डबा घेऊन तिकडं वळली की केशरबाईच म्हणायची, "तुमच्यासाठी खुर्ची ठेवली ना मालकानं, म्याडम. हितं मुंग्या हायेत." आणि बाया हसायच्या.

आता खरी गोष्ट सांगायची तर केशरबाईचे डोळे गेले होते. म्हणजे माणसं दिसायची, रस्ता दिसायचा, पण केसराचा कण दिसत नव्हता. हे कौसल्याला तीन वर्षांपासून माहीत होतं, कारण तीन वर्षं तीच केशरबाईची पात सांभाळत होती. प्रत्येक बाईला वाटून दिलेल्या ओळी असतात, त्याला पात म्हणतात. स्वतःची पात उरकली की कौसल्या गुपचूप केशरबाईच्या सहा ओळींवरून हात फिरवायची, राहिलेलं सोलून टाकायची. कुणाला पत्ता नाही. केशरबाईलासुद्धा नाही. तिला वाटायचं, आपला हात अजून तसाच चालतो. कौसल्यानं हे मायेनं केलं, पण चूक केली. तेव्हाच सांगितलं असतं तर ते मैत्रिणीचं सांगणं झालं असतं.

फिल्डमन होऊन ती काकासाहेबांच्या प्लॉटवर तपासायला उतरली तेव्हा त्या सहा ओळींत दहामागं चार कळ्यांत केसर राहिलेलं. लाल दोरे मात्र अगदी टापटीप बांधलेले.

तिनं केशरबाईला बाजूला घेतलं. "काकी, जालन्याला डोळे दाखवून येऊ. मी नेते."

"माझे डोळे धड हायेत."

"काकी, कळ्या राहून राह्यल्या."

"वीस वर्षं न्हाई राहिल्या, आन तू खुर्चीवर बसली तशा राहायला लागल्या का?"

यावर काय बोलणार? खरं सांगायचं तर तीन वर्षांचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि पलीकडं बाया कान लावून असताना ते सांगणं म्हणजे म्हातारीला उघडी पाडणं. दोन दिवस कौसल्या बाकीचे प्लॉट उरकून पाच वाजता परत आली आणि एकटीनं त्या ओळी सोलल्या. पण अकरा प्लॉटांची बाई किती दिवस एका पातीत राबणार? शिवाय आधीची सदोष फुलं आता बोंडं धरायला लागली होती. ती बोंडं वेचणीत मिसळली असती तर तपासणीत काकासाहेबांचा अख्खा प्लॉट बाद, बावीस बायांच्या हंगामाची माती. आणि बाकीचे फिल्डमन टपलेलेच होते. बाईनं बायांवर पांघरूण घातलं, एवढं म्हणायची खोटी, की पुढच्या दोघींचं दार बंद.

तिसऱ्या दिवशी तिनं तपासणीच्या वहीत लिहिलं. ओळ नंबर, कळ्या, आणि समोर नाव. केशरबाई. लिहून झाल्यावर ते नाव तिला वाचवेना.

सहा ओळींवरची बोंडं काढून टाकली. काकासाहेबांनी केशरबाईला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. केशरबाईनं पदराला हात पुसले, चप्पल घातली आणि भर दुपारी पायी गावाकडं निघाली. कौसल्या स्कूटी घेऊन मागं गेली, "बसा काकी" म्हणाली. केशरबाईनं वळून बघितलंसुद्धा नाही. अर्धा कोस ती पुढं आणि स्कूटी मागं, अशा दोघी गावात शिरल्या. वस्तीनं बघितलं ते एवढंच.

मग वस्तीनं कौसल्याला वाळीत टाकलं असं नाही हो. तसं काही नाही. जयभीम घातला तर उलटा जयभीम मिळायचा. पण रविवारी विहारात वंदनेला बसली की दोन्हीकडच्या सतरंजीवर जागा मोकळी राहायची. पाण्याच्या टाकीपाशी ती आली की बायांचं बोलणं संपलेलं असायचं. देवानंद म्हणाला, "सोडून दे ना मंग." ती म्हणाली, "आता सोडलं तर काकीचं नाव फुकट लिहिल्यासारखं होईल." त्याला ते समजलं नाही, आणि समजावून सांगायची ताकद तिच्यात राहिली नव्हती.

प्लॉट पास झाला. उन्हाळ्यात आदिनाथ साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "वरून मंजुरी आली. दोन बाया घ्यायच्यात. तुम्हीच निवडा, तुमच्याच हाताखाली देतो."

एक आष्टीची ठरली. दुसरीचं नाव कौसल्याच्या मनात पक्कं होतं, आणि तिथंच पाय अडत होता. केशरबाईची सून सुमेधा. नजर घारीसारखी, लिहिण्यात चोख, सासूशी मायेनं वागणारी. आठ दिवस टाळाटाळ करून शेवटी कौसल्या त्या दारात जाऊन उभी राहिली.

केशरबाई ओट्यावर तूर निवडत होती. तूर कसली, हातानं चाचपत होती. कौसल्यानं सगळं सांगितलं. पगार, गाडी, शिकवायची जबाबदारी आपली. केशरबाईनं सूप खाली ठेवलं.

"माझी पात नेली. आता सून न्यायला आली का?"

"काकी, डोळ्यांचं मी पहिल्याच वर्षी सांगायला पायजे होतं. माझं चुकलं."

"चुकलं का बरोबर, ते तुझं तुला ठावं. मला आता कामाला कुणी बोलवत न्हाई. दिवसभर घरात आमी दोघीच. हिच्याशी बोलते म्हणून दिवस जातो. हिला पण म्याडम केली की मी कुणाशी बोलू? तू कुणाशी बोलती, सांग की."

म्हातारीनं बरोबर दुखतं तिथंच बोट ठेवलं होतं. "येते काकी," म्हणून कौसल्या वळली. नाही तर नाही, दुसरी कुणी बघू, असं स्वतःला बजावत स्कूटीपाशी आली. मागून पावलं वाजली. सुमेधा होती, पिठाच्या हातानं तशीच आलेली.

"आक्का, एक विचारू? खरं सांगा."

"विचार."

"तिकडं एकटं वाटतं का वो?"

पगार किती, गाडी कुणाची, साहेब ओरडतो का, हे तिला शंभर जणांनी विचारलं होतं. हे कुणीच नाही. खोटं बोलणं सोपं होतं. सवय होते, असं म्हणता आलं असतं, आणि पोरगी कदाचित लगेच तयारही झाली असती.

"वाटतं," कौसल्या म्हणाली. "लई वाटतं. म्हणून तर तुला न्यायला आले."

ओट्यावरून केशरबाईनं हाक मारली. पुन्हा एकदा मारली.

"आले, आत्याबाई," सुमेधा म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.