ऑइल खाली उतरेपर्यंत

पहाटे अंगणातली व्हॅन सुरू झाली की पहिले काही क्षण तिच्या पोटात टकटक व्हायची, जणू आतून कोणी दार वाजवतंय. मग आवाज मऊ पडायचा. अंथरुणात जागे असलेले काका स्वतःशीच पुटपुटायचे, "चढलं." म्हणजे इंजिनातलं ऑइल तळातून वर चढलं, सगळ्या सांध्यांना पोचलं. बाहेर काकू देवाचं नाव घेऊन गिअर टाकायच्या आणि व्हॅन धुक्यात शिरायची. आवाज लांब जात जात झोपेतल्या श्वासाएवढा व्हायचा, तरी काकांचा कान त्याच्या मागेमागे जात राहायचा.

काकांनी उभा जन्म ट्रक चालवला. मग काचबिंदूने डोळ्यांच्या कडा खाल्ल्या, पुढे माणसांचे चेहरे गेले, आणि शेवटी उजेडही गेला. तोवर शिवणयंत्राखेरीज दुसरं चाक न फिरवलेल्या काकू पन्नाशीत गाडी शिकल्या. शिकवायला काकाच. शेजारी बसून नुसत्या आवाजावरून ओरडायचे, "अगं, क्लच सोड! गळा दाबशील तिचा!" काकूही काही कमी नव्हत्या. "तुम्ही आधी माझा कान सोडा," म्हणायच्या.

इस्पितळाच्या सकाळच्या पाळीच्या नर्सना पोचवायचं आणि रात्रपाळीच्या दमलेल्यांना घरी सोडायचं, हे काकूंचं काम. व्हॅन चालवायची काकूंनी आणि सांभाळायची काकांनी, अशी वाटणी होती. सांभाळायचं म्हणजे तरी काय, डोळे गेल्यावर हाताशी एकच काम उरलं होतं, ऑइल बघायचं. इंजिनात एक लांब पोलादी पट्टी खोचलेली असते. ती ओढून पुसायची, पुन्हा घालून काढायची, आणि ओल कुठवर आली ते पाहायचं. पट्टीवर दोन खाचा असतात, खालची कमीची आणि वरची जास्तीची. काका नखाने खाच शोधायचे आणि बोटाने ओल. देवाने नजर नेली, पण बोटांच्या टोकांना थोडी ठेवून गेला, असं काकूंना वाटायचं.

ट्रकच्या दिवसांत हे काम ते पहाटे, गाडी सुरू करण्याआधी करायचे. आता पहाटे काकूंची घाई. आपल्यापायी तिला उशीर नको म्हणून काकांनी ते परतीच्या वेळेवर नेलं. सकाळभर ते पायरीवर बसून राहायचे. व्हॅन अंगणात येऊन थांबली, काकू हातपाय धुवायला आत गेल्या, की लगेच बॉनेट वर.

"थोडं कमी होतं गं. घातलं मी."

"म्हातारी झाली आता. पिणारच," काकू आतून म्हणायच्या.

असं रोज थोडं थोडं चाललं होतं. घालायचं तेही काकांचं आवडतं, ट्रकमध्ये घालायचे तसलं जाड ऑइल. मधासारखी धार. जाड म्हणजे ताकद, हा त्यांचा जुना हिशेब.

आणि एका सकाळी व्हॅनने मागे निळसर धूर सोडला. धुक्यात तो इतका सुंदर दिसत होता की आरशात बघताना काकूंना क्षणभर वाटलं, आपण ढगातूनच चाललोय. मागच्या सीटवरच्या थोरल्या नर्सबाई मात्र खोकत म्हणाल्या, "काकू, हिला विडीचं व्यसन लागलं वाटतं!"

"बाईच्या जातीला बरं नाही दिसत हो," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. उतरताना मात्र थोरल्या बाई हळूच बोलल्या, "हसण्यावारी नेलं, पण रस्त्यात बंद पडली तर आमची पाळी चुकेल. दाखवून घ्या."

रात्रपाळीच्यांना घरी सोडून काकू तशाच गॅरेजवर गेल्या. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, थोडा वेळ थांबला, मग पट्टी काढून बघितली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, ऑइल केवढं भरलंय! वरच्या खाचेच्याही वर. आतला दांडा त्यात घुसळतोय, फेस होतोय नुसता. फेसाने काय वंगण होणार? असंच चाललं तर इंजिन बसेल. कोण भरतं?"

काकूंच्या तोंडून पटकन निघालं, "मीच."

मिस्त्री हसला. "काकांना सांगा, आता बॉनेटला हात नका लावू म्हणावं. आणि चालू गाडी बंद केल्या केल्या मोजायचं नाही. ऑइल तेव्हा वर असतं. ते खाली उतरेपर्यंत पट्टी खोटंच बोलते."

त्याने ते सगळं काढलं. नवं घातलं ते पातळ, व्हॅनच्या पुस्तकात लिहिलेलं. हिला जाड ऑइल पहाटेच्या गारठ्यात लवकर वर चढत नाही, म्हणून ती सुरुवातीची टकटक, असंही त्याने सांगितलं.

परतताना काकूंना रस्ता दिसत होता आणि दिसतही नव्हता. डोळ्यांसमोर काकांची बोटं होती. टोकांवर लालसर डाग. विचारलं तर म्हणायचे, चहाच्या भांड्याचा चटका बसला. चहा तर आपणच करतो! तापलेली पट्टी होती ती. हा माणूस आपल्या परतण्याची वाट बघून बघून, एक क्षणही न थांबता धावत होता. हे काम काढून घेतलं तर पायरीवर नुसतं बसणं उरेल. नाही काढलं तर व्हॅन जाईल. खोटं बोलून नावापुरती पट्टी हाताळायला लावायची? ते देवाला काय, काकांनाही पटणार नाही. ते बोटांनी ओळखतील.

व्हॅन अंगणात थांबली. काका उठलेच होते. काकू आत गेल्या नाहीत. त्यांचा हात धरून पायरीवर खाली बसल्या.

"अगं, ऑइल बघायचंय."

"बसा जरा. ते अजून घरी आलं नाही."

"कोण?"

"ऑइल. अजून वरच आहे. थेंब थेंब उतरतंय."

काकांनी कान व्हॅनकडे वळवला. गार होत चाललेलं इंजिन टिक, टिक करत होतं, झाडावरून पाणी निथळावं तसं.

"म्हणजे इतके दिवस मी..."

"हो."

"धूर माझ्यामुळे?"

"हो."

"ट्रक चालवताना कधी असं झालं नसतं," ते म्हणाले. "मग आता मी काय करू? बसू नुसता?"

"बसायचंच आहे. पण माझ्याबरोबर. टिकटिक थांबली की उठायचं. ती तुम्हाला ऐकू येते, मला नाही येत नीट."

काकूंनी गॅरेजवरून आणलेल्या नव्या ऑइलच्या डब्यातला एक थेंब त्यांच्या बोटावर ठेवला. काकांनी तो अंगठ्याने चोळला. "हे तर पाणी आहे गं!"

"उद्या पहाटे ऐका. मग बोला."

दुसऱ्या दिवशी पहाटे काका अंगावर शाल ओढून दारात उभे राहिले. काकूंनी किल्ली फिरवली. दार वाजवणारं आत कोणीच नव्हतं. व्हॅन पहिल्या क्षणापासून मऊ आवाजात गुणगुणत होती. काकूंनी काच खाली केली.

"काय हो?"

"काय म्हणजे? जा, उशीर होतोय," काका गुरगुरले. पण मान हलवत होते.

परतल्यावर काकूंनी चहा बाहेरच आणला. दोघं पायरीला टेकून बसले. ऊन अंगणभर पसरलं होतं आणि व्हॅनच्या पोटात थेंब निथळत होते. काकूंना वाटलं, रस्तेच्या रस्ते आतून उतरून परत येताहेत. टिक, टिक. मग बऱ्याच वेळाने एक टिक. मग काहीच नाही. काकूंच्या कपात अजून घोटभर चहा होता.

काका उठले. पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली. नख खाचेवर, बोट ओलीवर. कोमट होती, चटका नव्हता.

"दोन खाचांच्या मधोमध," ते म्हणाले. "आलं घरी."