ब्रेक लागतात का, एवढंच विचारलं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, गॅरेजमध्ये माझ्यासोबत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसांजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर तुम्हीही मला मान दिला असता. कसबा पेठेत मला नाना म्हणतात. मार्केट यार्डाजवळ माझं ब्रेकचं गॅरेज आहे. नानांनी ब्रेक तपासला म्हणजे बघायला नको, असं लोक म्हणतात. लोकांना काय, ते काहीही म्हणतात.

आधी त्या साहेबाबद्दल सांगतो. नाव नको, साहेबच म्हणू. हडपसरच्या एका टोलेजंग सोसायटीत राहणारा. परदेशी बनावटीची जुनी आलिशान गाडी घेणार होता, आणि घेण्याआधी तिचे ब्रेक तपासायला माझ्याकडे आला होता. असल्या गिऱ्हाइकांचा मला मनापासून तिटकारा आहे, हे कबूल करून टाकतो. नवी घेण्याची ऐपत नाही, साधी घेण्यात कमीपणा — मग दुसऱ्याची उतरलेली ऐट अंगावर चढवायची. दरवाजा तीनदा लावून त्याचा आवाज ऐकतील, सीटवरून हात फिरवतील, आणि चाकांकडे वाकून बघायची वेळ आली की यांना मीटिंग असते. हा तर मोबाइलवर यादीच घेऊन आला होता. मी ब्रेक ऑइल म्हणालो, तर म्हणाला, "काका, ॲक्चुअली त्याला फ्लुइड म्हणतात. ऑइल वेगळं."

जन्म गेला माझा त्यात हात बुडवण्यात — आणि हा मला त्याचं नाव शिकवणार! राग आला का? आला. पण मी राग दाखवणाऱ्यांतला नाही. मी गप्प बसून मजा बघणाऱ्यांतला आहे. कोणता प्रकार जास्त वाईट, हे तुम्हीच ठरवा.

तपासणी मी नीट केली. तेच तर सांगायचंय — चुकून काहीही झालं नाही. चाकं काढली, डिस्क पाहिल्या, पॅड पाहिले. गाडी पळवून करकचून ब्रेक दाबला, जागच्या जागी उभी राहिली. मग इंजिन चालू ठेवून पेडलवर पाय रोवला आणि तसाच धरून ठेवला. ही माझी जुनी पद्धत. झटकन दाबला तर बिघडलेला ब्रेकही वेळ मारून नेतो. तो खरा कळतो पाय धरून ठेवल्यावर. थोडा वेळ काही नाही. आणि मग पेडल माझ्या पायाखाली खाली जायला लागलं — सावकाश, अगदी सावकाश — पार तळाला टेकलं. बाहेर ऑइलचा थेंब नव्हता. म्हणजे मास्टर सिलिंडर, पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा भाग, आतल्या आत दाब सोडत होता. तो बदलायचा, की संपला विषय.

मी खाली उतरलो. साहेबानं मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. "काका, ब्रेक्स ओके? लागतात ना?"

"लागतात," मी म्हणालो.

खोटं होतं का ते? लागत तर होते. टिकत नव्हते. पण टिकतात का, हे त्यानं विचारलंच कुठे होतं? विचारलं तेवढंच सांगायचं, ही आमची पेठेतली ऐट. कुणी विचारलं, हा रस्ता कुठे जातो, की रस्ता कुठेच जात नाही असं ऐकवायचं आणि दिवसभर खूश राहायचं. त्याला आम्ही स्पष्टपणा म्हणतो. त्या दिवशी मी तसाच खूश होतो. म्हटलं, जा, यादीत खूण कर. महिनाभरात येशील हात जोडत, मग शिकवतो तुला ऑइल आणि फ्लुइड. कुणाला इजा होईल हा विचार मनातच आला नाही, असं सांगावंसं फार वाटतं. आला होता. मी चिंधीला हात पुसले आणि पुढचं काम घेतलं.

हात जोडत साहेब आला नाही. आला रफीक.

रफीकनं मार्केट यार्डात वर्षानुवर्षं टेम्पो चालवला. ब्रेक तो इतक्या हलक्या पायानं वापरायचा, की त्याच्या टेम्पोला माझ्याकडे फारसं कामच नसे. साहेबानं त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवलं होतं. मोठ्या हौसेनं गाडी दाखवायला आला आणि म्हणाला, "नाना, गाडी एकदम झकास आहे. फक्त सिग्नलला जास्त वेळ थांबलं ना, की पेडल खाली बसतं. बघता का जरा?"

एक वाक्य पुरलं असतं. पण मग साहेब विचारणार — तेव्हा का नाही सांगितलंत? काय उत्तर होतं माझ्याकडे? म्हणून मी म्हणालो, "तुझा टेम्पोचा पाय आहे रे. या गाड्यांचं पेडल मऊच असतं. होईल सवय." तो हसला. नाना म्हणतात म्हटल्यावर त्याला पटलं. आणि मला — शरम वाटते सांगायला — मला त्याचीही कीवच आली, काय भोळा आहे म्हणून.

काही आठवड्यांनी, भर दुपारी, उतारावरच्या एका सिग्नलला गाडी उभी होती. त्या गाडीला क्लच नाही, ऑटोमॅटिक आहे. ती पायाच्या दाबावरच थांबते. सिग्नल लांबला, पेडल बसलं, गाडी आपोआप पुढे सरकली. पुढच्या टेम्पोच्या आणि हिच्या मधून एक बाई रस्ता ओलांडत होत्या. शाळेतल्या शिक्षिका. दोन गाड्यांमध्ये त्यांचा गुडघा सापडला. तो आता वाकत नाही. त्या वर्गात उभ्या राहू शकत नाहीत.

गाडी तपासली गेली. दाबला ब्रेक, थांबली गाडी. मग ड्रायव्हरला डुलकी लागली, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. साहेब रफीकला घेऊन माझ्याकडे आला. "काका, तुम्हीच सांगा याला."

"नाना, अल्लाची शप्पथ, पाय ब्रेकवरच होता," रफीक म्हणाला. "मी तुम्हाला बोललो होतो ना पेडलचं?"

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. साहेबाला म्हणालो, "मी तपासली तेव्हा ब्रेक लागत होते." इथं तरी थांबायचं! पण नाही. या वेळी कुणी न विचारताही मी पुढे बोललो — "पाय उचलला गेला असेल."

एकदा परत बघून ठेवा म्हणून साहेब गाडी माझ्याकडेच सोडून गेला. दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मी तो सिलिंडर बदलला आणि जुना भंगारात टाकला. ज्या साहेबाला मी तुच्छ समजत होतो, त्यानं निदान माहीत असून काही लपवलं नव्हतं. बिनडोक होता, बस. मी काय होतो? हात स्वच्छ ठेवणारा, तोलून शब्द वापरणारा भित्रा माणूस. माझ्याइतका हलका माणूस माझ्या गॅरेजच्या पायरीवर तरी कधी चढलेला नाही.

रफीकला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. आता तो यार्डात एका गाळ्यावर पोत्यांची तोंडं शिवतो.

मागच्या महिन्यात तो गॅरेजवर आला. पायरीवर बसला. मग म्हणाला, "नाना, खूप विचार केला. तुम्ही म्हणता म्हणजे माझाच पाय उचलला गेला असणार. परवा त्या बाईंच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, माझी चूक झाली म्हणून सांगितलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "होतं रे असं माणसाकडून."

त्याचे डोळे भरून आले. माझे आभार मानून तो गेला.