खोडलेलं ‘भेव’

“हे कोणी लिहिलं?”

शाळेच्या सचिवांनी पुस्तक उघडं धरून वर केलं. ग्रंथालयात पाचवीची मुलं होती, दोन शिक्षिका होत्या आणि मी. इंग्रजी गोष्टीचं पुस्तक. ‘अफ्रेड’ या शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं : भेव.

“मी,” मी म्हणाले.

“भेव? मॅडम, तुम्ही एम. ए. इंग्लिश ना? भीती हा शब्द शिकवला नाही कोणी?” त्यांनी पान उलटलं. “लॅड म्हणजे पोट्टा. वा. पालक एवढी फी भरतात ते हे वस्तीतलं मराठी शिकायला?”

मुलं हसली. शिक्षिकाही. वस्ती म्हणजे कोणाची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सचिवांनी टेबलावर खोडरबर ठेवला. “उद्या सगळं खोडा. इथंच बसून.”

मी म्हणाले, “हो सर.”

अन्वी, ईशान, तुमची आजी ‘हो सर’ म्हणाली. मंगरूळपीरच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई. या खासगी शाळेत मी वाचनाचा तास घेते, तोही बिनपगारी. ते माझं काय बिघडवणार होते? तरी मी भ्याले. धनजच्या शाळेत चौथीत मी “मले येत नाही” म्हणाले, तेव्हा गुरुजींनी “मले की मला?” असं विचारत वर्गासमोर अंगठे धरायला लावले होते. तेव्हापासून तोंड उघडण्याआधी मी दाराकडे बघते. कोण ऐकतंय? बोलीवरून आमची बौद्ध वस्ती ओळखू येऊ नये म्हणून मी घासूनपुसून शुद्ध झाले. तुमचे बाबा लहानपणी ‘मले’ म्हणाले की मीच दटावायची. ती भीती घरात आणली ती मी.

पुस्तकांतल्या त्या पेन्सिलीला एक शिस्त होती. नवा शब्द पहिल्यांदा येतो तिथं पूर्ण अर्थ लिहायचा, मूल घरी बोलतं त्याच शब्दात. दुसऱ्यांदा फक्त पहिलं अक्षर. तिसऱ्यांदा नुसता ठिपका. म्हणजे हा तुझ्या ओळखीचा आहे, आठव. चौथ्यांदा काहीच नाही. गाइडात ‘रिलक्टंट’चा अर्थ ‘अनिच्छुक’ असतो. मग पोरी ‘अनिच्छुक’चा अर्थ विचारत बसतात. मी लिहिलं होतं, ‘कायले जाऊ म्हननारी’. तो शब्द एकही पोरगी विसरली नाही.

दीक्षा त्यांच्यातलीच. पाचवीत, मोफत जागेवर आलेली, आईबाप दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. इंग्रजीच्या तासाला ती मुकी असायची. दिवाळीनंतर ठिपक्यांच्या आधारानं पानभर वाचायला लागली. सोमवारी वाचनाची चाचणी होती. त्यात अडली तर तिला तिसरीच्या मुलांत बसवायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोडायला बसले. अकरा पुस्तकं खोडली. दारात सचिव त्यांच्या ड्रायव्हरवर खेकसत होते, “काहून बे, तुले सांगतलं नोतं का?” मी ऐकलं. मान वर केली नाही.

दीक्षा शेजारी येऊन बसली. “आजी, कायले खोडून राह्यल्या तुमी?”

“घाण दिसतं म्हणून.”

हे मी बोलले.

तिनं खोडलेलंच एक पुस्तक घेतलं आणि वाचायला लागली. ‘अफ्रेड’पाशी थांबली. मागच्या आठवड्यात हाच शब्द तिनं ठिपक्याशिवाय ओळखला होता. तिनं दाराकडे पाहिलं. मग ओठांतल्या ओठांत म्हणाली, “भेव.” आणि लगेच, “नाही नाही. भीती. भीती म्हनलं मी.”

तिचं बोट ओळीवरून भरकटलं. तिनं पुस्तक मिटलं. “मले नाही येत वाचता.”

शब्द तिला आठवला होता. आठवला याचीच तिला भीती बसली होती. माझ्या मांडीवर खोडरबराचा काळा चुरा पडला होता.

मी उठले. सचिवांच्या खोलीत गेले.

“मी खोडणार नाही. खोडलं ते परत लिहिणार.”

“काय म्हणालात?”

“मले भेव लागून राह्यलं, सर. पण मी खोडनार नाही.”

साठ वर्षांत शाळेच्या छपराखाली मी पहिल्यांदा ‘मले’ म्हणाले.

“सोमवारपासून येऊ नका,” ते म्हणाले. “तुमच्यावाचून काही अडलं नाही इथं.”

मी परत ग्रंथालयात आले. दीक्षा आणि मी अकराही पुस्तकं पुन्हा लिहून काढली. कुठल्या शब्दावर काय होतं ते मला सगळं आठवेना. तिला आठवत होतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले.

आज रविवार. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, “आई, ते पोलीस बोलावतील. या वयात कशाला?” खरं सांगते, भेव गेलेलं नाही. पण तुमच्या बाबांना ज्या तोंडानं दटावलं, त्याच तोंडानं आता बोलायचं आहे. उद्या मी जाणार. फाटक उघडलं नाही तर बाहेर चटई टाकीन आणि चाचणीआधी दीक्षाचं वाचन घेईन, तिथंच, मोठ्यानं. ते म्हणतील, मॅडम, निघा इथून.

मी निघणार नाही.